पुतळीचा काठ

“दिवा नको. उन्हात न्या, आणि आधी काठ बघा,” बाई म्हणाली.

टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबायला मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मिरजेच्या सराफ कट्ट्यावर बसून माझे केस पांढरे व्हायला लागले होते, पण नाणं कसं बघायचं हे मलाच सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटत होतं. एरवी माणसं रुमालाची गाठ सोडायच्या आधीच विचारतात, “किती येतील?” या बाईनं तो प्रश्न विचारलाच नव्हता.

“कुणी शिकवलं हे?” मी जरा खोचकपणेच विचारलं.

“ऐकून हाय,” ती म्हणाली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

पन्नाशीच्या आसपासची होती. हिरवं इरकल, हातात जाड काचेच्या बांगड्या, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. नाव द्वारकाबाई, गाव बेळगावकडचं खानापूर. सकाळच्या गाडीनं आले, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय, एवढं तिनं न विचारता सांगितलं आणि पुढे गप्प झाली.

गप्प बसण्यात मीही काही कमी नव्हते. तेव्हा मी एकटीच राहत होते. खाली दुकान, वर दोन खोल्या. आई आधी गेली, मग अप्पा गेले, आणि ‘पोतदार – जुनी नाणी’ ही पाटी तेवढी माझ्या वाट्याला आली. लग्न झालं नाही. का झालं नाही याची चौकशी करणारेही एव्हाना थकले होते. दुपारपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही असे दिवस जायचे. मग मी काट्याशी बोलायचे, “बाबा रे, आज तरी सरळ उभा राहा.” काटा बिचारा सरळच असायचा. बोलायला कुणीतरी हवं म्हणून मी त्याच्यावर उगाच आळ घ्यायचे.

मी रुमाल उघडला. आत पुतळी होती.

पुतळी म्हणजे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं. जुन्या काळी जहाजांतून इकडे आलं. एका बाजूला उभा संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या महिरपीत उभी एक आकृती. हे लोक कोण, कुठले, याची आपल्या बायकांनी कधी पंचाईत केली नाही. सोनं चोख होतं आणि वर माणसं कोरलेली होती, म्हणून नाव पडलं पुतळी. मग प्रत्येक पुतळीला वरच्या अंगाला कडी लागली आणि पुतळ्यांची माळ झाली. आमच्या धंद्यातलं सगळं दुखणं त्या कडीत आहे. कडी लावली की नाण्याचा दागिना होतो, आणि संग्राहकाला दागिना नको असतो. कडी काढली तरी काठावर व्रण राहतोच. आपल्याकडे बिनकडीची, काठ शाबूत असलेली पुतळी इतकी कमी दिसते, की दिसली तर आधी माझा विश्वासच बसत नाही.

ही बिनकडीची होती.

मी ती दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात नेली. आधी अक्षरं पाहिली. आपल्याकडच्या कारागिरांनी पुतळीच्या पुष्कळ नकला केल्या, पण त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या पुतळ्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या असतात. इथं अक्षरं शहाण्यासारखी ओळीत होती. गुडघे टेकलेल्या माणसाच्या मागं त्याचं नाव लागत होतं. तो मनुष्य गादीवर फार काळ टिकला नव्हता, त्यामुळे त्याची नाणी थोडी. हे नाव मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही अप्पांनी तळहातावर ठेवलेल्या पुतळीवर. वजन साडेतीन ग्रॅमला जेमतेम कमी, म्हणजे हवं तितकं. संताच्या अंगरख्याच्या चुण्या मोजता येत होत्या. झीज म्हणाल तर गुडघ्यावर आणि कपाळावर, तीही मायेनं हाताळल्यासारखी.

“दुर्मिळ आहे हो,” मी मोकळेपणानं म्हणाले. “अस्सल आहे. चेहरामोहरा उत्तम. असं नाणं मला वर्षानुवर्षं दिसलेलं नाही.”

गिऱ्हाइकाचा चेहरा इथं फुलतो. द्वारकाबाईचा फुलला नाही. ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “आणि काठ?”

मी भिंग डोळ्याला लावलं आणि पुतळी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवायला लागले.

चेहरा सगळं जग बघतं, आपण काठ बघायचा, हे अप्पांनी आम्हा दोघांना लहानपणी शिकवलं. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ अच्युत. सुट्टीच्या दुपारी अप्पा तबकात पुतळ्या मांडायचे. त्यातल्या एकीची कडी काढून जागा बुजवलेली असायची. ती शोधायची, हा आमचा खेळ. पुढं दादा मोठा झाला, हातात कानस आणि फुंकणी आली, तेव्हा तो स्वतःच कड्या काढून माझ्यासाठी जागा बुजवायला लागला. जुन्याच पुतळीच्या चुऱ्यानं खळगा भरायचा, काठावरच्या बारीक खाचा परत उठवायचा, वर जुनेपणाची झाक आणायचा आणि पुतळी माझ्यापुढं टाकायचा.

“शोध.”

मी शोधायचे. मग तो हमखास एकच विचारायचा, “कुठं सापडलं?”

मी जागेवर नख ठेवायचे, आणि तो कपाळाला हात लावायचा. पण मला ते कसं सापडतं हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. दादा डावखुरा होता. शेवटचा हात तो बारीक कानशीनं फिरवायचा, तेव्हा उमटणाऱ्या केसाएवढ्या रेघा इतर कारागिरांच्या उलट्या बाजूला झुकायच्या. बाकी काम असं, की ब्रह्मदेवाला कळू नये. फक्त त्या रेघा मला माहीत होत्या. सांगितलं असतं तर त्यानं तेही सुधारलं असतं आणि मी कायमची हरले असते.

त्याच हातानं घर मोडलं. एकदा त्यानं बुजवलेली पुतळी दुकानाच्या तबकात ठेवून दिली, निर्दोष म्हणून. पैशाकरता नव्हे, अप्पांना सापडते का हे बघायला. अप्पांनी ती पुण्याच्या एका संग्राहकाच्या हातात दिली, आणि पैसे घेता घेता त्यांची नजर काठावर गेली. त्यांनी पुतळी तिथल्या तिथं परत घेतली, त्या माणसाला हात जोडले, आणि भर कट्ट्यावर, चार दुकानांना ऐकू जाईल असं दादाला म्हणाले, “या हाताचं काम माझ्या उंबऱ्याच्या आत नको.” मी तेव्हा सांगलीला कॉलेजात गेले होते. संध्याकाळी परत आले तर दादा घरात नव्हता.

तो परत आलाच नाही. आईनं ओळखीपाळखीत विचारून बघितलं, अप्पांनी कधी नाव काढलं नाही. अप्पा गेल्यावर मी पेपरात जाहिरात दिली, तिचाही उपयोग झाला नाही. जिवंत आहे की नाही, एवढं कुणी सांगितलं असतं तरी मला पुरलं असतं.

पुतळी भिंगाखाली फिरत होती. काठावरच्या खाचा एकसारख्या, झीज एकसारखी, रंग एकसारखा. संताच्या डोक्याच्या बरोबर वर आल्यावर ऊन किंचित वेगळं परतलं. पुतळी तिरकी केली.

रेघा उलट्या होत्या.

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. भिंग डोळ्याला तसंच दाबून धरलं, कारण डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं आणि बाईला ते दिसायला नको होतं. मी पुन्हा काठ फिरवला. पुन्हा तिथंच आले. दादाचाच हात. आणि ही पुतळी त्यानं आमच्याकडे असताना बुजवलेली नव्हती. त्या सगळ्या मी पाहिलेल्या होत्या, प्रत्येकीवर मी नख ठेवलं होतं. हे काम त्यानंतरचं होतं. म्हणजे उंबरा ओलांडून गेल्यावर तो कुठंतरी जगला होता. बसून, उजेड अंगावर घेऊन, शांतपणे काम करण्याइतका जगला होता.

“चहा घेणार?” मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

“नको वो. गाडी हाय.”

“गाडीला अवकाश आहे,” म्हणून मी समोरच्या हॉटेलाकडे हात करून दोन चहा सांगितले. खरं तर मला वेळ काढायचा होता. मी पुतळी काट्यावर ठेवली, उतरवली, परत ठेवली. द्वारकाबाई बघत होती.

पेच साधा होता आणि भयंकर होता. ‘हे काम कोणी केलं’ असं विचारायचं तर आधी ‘इथं काम केलेलं आहे’ असं म्हणायला हवं होतं. आणि असं म्हटलं की नाण्याची किंमत अर्ध्याहून खाली येणार. दुखावलेलं गिऱ्हाईक काय करतं हे मला पाठ होतं. रुमाल बांधतं, “दुसरीकडे दाखवतो” म्हणतं, आणि जातं. ही बाई एकदा का कट्ट्यावरच्या गर्दीत मिसळली की दादाचा हा एवढा धागाही गेला. खानापुरात मी द्वारका नावाच्या किती बायकांची दारं ठोठावणार होते?

तर मग निर्दोष म्हणावं. विकत घेऊन टाकावं, मागेल त्या किमतीला, आणि मग गोडीगुलाबीनं विचारावं की घराण्यात कुठून आलं. अप्पांनंतर माझ्याशिवाय त्या रेघा ओळखणारं जगात कुणी नव्हतं. शिवाय मनात दुसरंही होतंच. भर कट्ट्यावर त्याच्या हाताला अप्पांनी नावं ठेवली होती. आता त्याच दुकानात, त्याच खुर्चीवर बसून, मीही तेच करायचं?

चहा आला. बाईनं बशीत ओतला, पण प्यायली नाही.

“मग?” ती म्हणाली. “निर्दोष हाय म्हणायचं?”

तिनं ते ज्या आवाजात विचारलं त्यानं मी थबकले. निर्दोष ठरावं अशी आशा त्यात कुठं नव्हतीच. असलीच तर भीती होती. ती खुर्चीच्या कडेला इतकी पुढं सरकली होती की आता पडेल असं वाटलं.

मी भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे बघितलं नाही. त्यांच्यासाठी मी खरं बोलले असं कुणी समजू नये. मी बोलले ते त्या खेळासाठी. दादानं पुतळी पुढं टाकून ‘शोध’ म्हटलं आणि सापडूनही मी ‘नाही सापडलं’ म्हटलं, असं एकदाही घडलं नव्हतं. ते मला जमलंच नसतं.

“नाही,” मी म्हणाले. “निर्दोष नाही.”

“काय हाय त्यात?” बाईनं बशी हातात धरूनच विचारलं.

“वर, संताच्या डोक्यापाशी कडी होती. काढून जागा भरली आहे. पंचवीस माणसांना दाखवलंत तर पंचविसांना कळणार नाही, पण आहे. मी हे नाणं निर्दोष म्हणून घेणार नाही आणि कुणाला देणारही नाही.” मग एकदाचं बोलूनच टाकलं, “आणि बाई, ज्यानं हे काम केलंय तो डावखुरा आहे. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. तो कुठे आहे ते मला सांगा. नाण्याचे काय हवे ते पैसे घ्या, पण तेवढं सांगून जा.”

द्वारकाबाईनं बशी खाली ठेवली, पदर तोंडात धरला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. शेजारच्या दुकानातले शहा डोकावून गेले. मी उठून तिच्याजवळ गेले, तर तिनं माझे दोन्ही हात धरले.

“तुमी कुंदा न्हवं?”

माझं नाव मी तिला सांगितलेलं नव्हतं.

“हेच ऐकायला आलेलो बघा आमी,” ती म्हणाली. “मी त्यांची बायको. खानापुरात सोनाराकडं काम करत हुते, डागडुजीचं. आता डोळे गेल्यात. काचबिंदू. पार अंधार झालाय. तवापास्नं घरात बोलत न्हाईत, कोपऱ्यात बसून ही पुतळी अंगठ्यानं घासत ऱ्हात्यात. मीच हट्ट धरला, बहिणीकडं जाऊया म्हणून. तर म्हणाले, आधी हे दाखव. कोण म्हणून सांगू नको, पैशाचं विचारू नको. खोट काढली तर सांग मी आलोय म्हणून. निर्दोष म्हणाली तर गप परत यायचं.”

“पण का?” मी विचारलं. “सरळ यायला काय झालं होतं?”

“मीबी हेच भांडले की. तर म्हणाले, निर्दोष म्हणाली म्हणजे एक तर माझा हात इसरली, न्हाईतर कीव केली. हाताची खोट झाकून घेऊन मला त्या घरात जायचं न्हाई. खोट बघून बोलावलं तर जाईन.”

चहा यायच्या आधी मी ‘निर्दोष’च म्हणणार होते, ते मला आठवलं.

“कुठे आहे तो?”

“टेशनावर. बाकड्यावर बसवून आलेय.”

भर दुपारी पोतदारांच्या दुकानाचं शटर खाली आलेलं पाहून सगळा कट्टा बाहेर आला. शहांनी विचारलं, “कोण गेलं का काय कुंदाताई?” मी म्हटलं, “कोणी गेलं नाही हो, आलंय,” आणि रिक्षात बसले. वाटेत द्वारकावहिनी काय काय सांगत होती, मला फारसं ऐकू आलं नाही. पुतळी मी मुठीत धरली होती. रुमाल दुकानातच राहिला होता.

बेळगावकडच्या गाड्या लागतात त्या फलाटावर, पाण्याच्या नळापलीकडच्या बाकावर तो बसला होता. काळा चष्मा, बाजूला काठी, मांडीवर दोन्ही हात. मी त्याला शेवटचं तरुण पाहिलं होतं, आणि समोर एक म्हातारा होता. हात मात्र तेच होते. डाव्या हाताचा अंगठा मोकळ्या हवेत, नसलेल्या पुतळीच्या काठावरून फिरत होता.

वहिनीच्या चपलांचा आवाज त्यानं ओळखला. मान न वळवता म्हणाला, “उशीर केलास. निर्दोष म्हणाली ना?”

वहिनी तिथंच नळाजवळ थांबली, आणि मी पुढं गेले. मला हाक मारायची होती, पण इतक्या वर्षांत ‘दादा’ हा शब्द मी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता. तो बाहेर येईना. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि पुतळी त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

त्याची बोटं पुतळीवर मिटली, आणि तिच्याबरोबर माझ्या बोटांवरही. फलाटावर कुणीतरी पेरू विकत होतं. चष्म्याखालून त्याच्या गालावर पाणी उतरलं, ते त्यानं पुसलं नाही.

मग घसा खाकरून, अगदी सुट्टीतल्या दुपारच्या आवाजात तो म्हणाला, “कुठं सापडलं?”

मी त्याचा अंगठा धरला आणि संताच्या डोक्याच्या वर, काठावर नेऊन ठेवला.

“इथं.”

त्यानं ती जागा चाचपली. एकदा, परत एकदा.

“मला तर काही लागत नाही,” तो म्हणाला. “हात चुकला असेल तेव्हा.”

“चुकला असता तर कुणालाही सापडलं असतं, दादा,” मी म्हणाले.